खांबाच्या टोकावर

माझ्याकडे येणाऱ्यांना ती खरीच हवी असते.
रायफल टेबलावर ठेवतात आणि जरा मागं सरतात,
मुलगी दाखवायला आणावी तसे.

मी आधी नंबर बघत नाही.
नंबर कोणीही ठोकतं. ताम्पेरेचा एक जण
हिवाळाभर बसून डझनावारी ठोकतो,
हात चांगला आहे त्याचा,
फक्त सातच्या आकड्याला घाई करतो.
मी भोकं बघतो.
डाव्या अंगाला, दुर्बिणीची बैठक बसते तिथली.
नव्या भोकाची कड नखाला लागते.
जुन्याला कड उरत नाही,
आत तेल आणि गंज एकमेकांत मुरलेले असतात
लोणच्यासारखे.
वासही घेतो. बायको हसायची.

मार्चमध्ये सिल्वी होल्त्तीनेन आली, लिएक्साहून, बसनं,
रायफल घोंगडीत गुंडाळून.
वडिलांच्या सौनाच्या फळ्या बदलताना सापडलेली,
मेणकापडात, ग्रीसमध्ये बुडालेली.
"खोटी आहे ना?" कोट काढायच्या आधीच विचारलं तिनं.
"तसं कागदावर लिहून द्याल?"

एकतीस वर्षांत हे कोणी मागितलं नव्हतं.

वडील यालमारी. युद्धात घोडा हाकायचे म्हणे,
टपालाची स्लेज. मोर्चावर गोळी झाडलेली नाही,
घरात सगळ्यांना पाठ होतं हे.

ग्रीस पुसत गेलो.
तुलाचा तारा. एकोणचाळीस साल.
चौकटीत दोन अक्षरं, आमच्या सैन्याची,
म्हणजे समोरच्याची हिसकावलेली, मग आपली झालेली.
बोल्टचा दांडा खाली वळवलेला,
वाक कारखान्यातला, कोणाच्या गॅरेजमधला नाही.
भोकं होती. कड नव्हती.
तरी म्हणालो, दुर्बीण नाही, बाई,
दुर्बिणीशिवाय मी छातीठोक सांगणार नाही.
खोटं नव्हतं ते. पळवाट होती.

ती सैलावली. कॉफी घेतली, दोन खडे साखर.
मग बोलतच सुटली.
दुर्बीण तर होती की घरात एक, वीतभर, काळी,
खिडकीशी खिळ्याला टांगलेली.
बाबा मांडीवर घेऊन तळ्यावरचे हंस दाखवायचे.
गंमत म्हणजे त्यात खालून एक खांब वर यायचा,
टोकदार, आणि दोन्ही बाजूंनी दोन आडवे दांडे.
"हलू नकोस," म्हणायचे, "अर्धा श्वास सोड,
आणि हंसाला खांबाच्या टोकावर बसव."
मला जमायचं. भाऊ रडायचा,
त्याचा हंस सारखा पडायचा.

ती थांबली.
छपरावरचा बर्फ घसरून धप्पकन खाली आला.
माझ्या हातात चिंधी, चिंधीला ग्रीस.
मी काही बोललो नाही.
"अर्धा श्वास," ती म्हणाली.
पुन्हा एकदा म्हणाली, हळू,
जणू दुसऱ्याच कोणाच्या तोंडून ऐकत होती.

कागदावर माझे रकाने ठरलेले आहेत,
कारखाना, साल, नंबर, मूळ, दुरुस्ती, शेरा.
सगळे खरे भरले. तिनं अडवलं नाही.
शेऱ्याशी आलो तेव्हा तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं,
घोडी होती. नाव रूसू. कपाळावर पांढरा ठिपका.

मी त्याखाली शिक्का मारला.
पहिल्यांदाच, न तपासता.