कुठली गाय?

मोशोनमॉद्यारोवार हे आमचं गाव.
नाव एका दमात म्हणता आलं
तर समजा, पुढचे दात शाबूत आहेत.
सीमेपलीकडचे ऑस्ट्रियन इथं तोंड उघडायला येतात.
आमच्या गल्लीत बेकरी एक, दंतवैद्य नऊ.
त्यातल्या तिसऱ्या जिन्यावर, डॉक्टर सिल्वाशींच्या हाताशी,
मी, एमॉके, चोवीस वर्षं शोषनळी धरून उभी.

मंगळवारी आलोइस ग्राबेनहोफर आला.
वय एकाहत्तर. वरचे, डावीकडचे तीन दात नाहीत
आणि ज्यात ते रुजले होते ते हाडही
आता नसल्यात जमा.
दात गेला की हाड थांबत नाही;
काम उरलं नाही तर राहू कशाला, म्हणतं,
आणि वर्षाला थोडं थोडं ओसरतं,
लायता नदीचा काठ ओसरतो तसं,
रात्री, कुणाला न उठवता.

स्क्रू रोवायला आधी जमीन हवी.
मी त्याच्यापुढे कागद ठेवला.
चार चौकोन, एकावर खूण.
स्वतःच्याच हनुवटीचं हाड खरवडून घेता येतं,
दुखतं दोन ठिकाणी, पण परकं काही नाही.
कुणा मृतानं मागे ठेवलेलं,
धुऊन, वाळवून, नाव काढून टाकलेलं.
कारखान्यात घडवलेलं, ज्याला आईबाप नाहीत.
आणि गायीचं.

"गायीचं," तो म्हणाला, आणि पेन तिथंच थांबलं.
"कुठली गाय?"

लोक विचारतात किती युरो, किती टाके,
बिअर कधीपासून.
एका बाईंनी विचारलं होतं,
मृताचं घेतलं तर त्याची स्वप्नं पडतील का.
हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मी खोकं फिरवून वाचलं:
बॅच नंबर, मुदतीची तारीख,
निर्जंतुक केल्याचा लाल ठिपका.
"दूरदेशीची असेल," म्हटलं,
"भट्टीत इतकी तापवतात
की गायपण सगळं जळून जातं.
उरतो नुसता चुना, आणि चुन्यातली भोकं.
त्या भोकांतूनच तुमचं हाड आत चालत येतं."

"गायपण," तो म्हणाला.
हाडाचा गवळी तो. बेचाळीस होत्या त्याच्या.
मग दुधाचा भाव पडला, गुडघे गेले,
मुलगी ग्राझला वकील झाली.
शेवटच्या अकरा मार्चमध्ये विकल्या.
"ट्रकवाल्यानं नावं विचारली नाहीत,
कानातले बिल्ले वाचले फक्त.
मी मागून ओरडत होतो,
सेन्टाला आधी चढवू नका,
तिला उतार दिसला की घाबरते."

खूण केली. इतकी दाबून, की खालच्या कागदावर उमटली.

कुपी उघडली.
जाडसर रव्यासारखे दाणे, कोरडे,
स्टीलच्या वाटीत किणकिणले.
डॉक्टरांनी त्याच्याच रक्ताचे थेंब त्यात सोडले.
दाण्यांनी ते पिऊन टाकलं, लगेच, तहानेनं.
मग भरलं, दाबलं, वर पातळ पडदा,
वर हिरडी, सात टाके.

सुन्न ओठांतून तो काहीतरी म्हणाला.
मला दोनदा विचारावं लागलं.
"हे तीन दात,
सत्त्याऐंशी साली सेन्टाच्या आजीनं पाडले.
लाथ. माशी चावली होती तिला.
चूक तिची नव्हती."
डॉक्टर हसले नाहीत.
मी कापूस बदलला.

सात महिन्यांनी एक्स-रे:
करड्यात पांढरे कण, कणांभोवती करडं,
कुठं कोण संपतं ते डॉक्टरांनाही दाखवता येईना.
स्क्रू फिरवताना त्यांचं मनगट थबकलं.
"पकडतंय," ते म्हणाले.

रुग्णाला आम्ही एक कार्ड देतो,
त्यावर बॅचचा स्टिकर चिकटवून.
आलोइसनं माझं पेन मागितलं,
नंबरापुढच्या रिकाम्या जागेत
सावकाश, शाळकरी अक्षरात लिहिलं: सेन्टा.
मग पार्किंगच्या पावतीवरून खाली कुणाशी तरी भांडला.

दुसरी प्रत आमच्या फाईलला असते.
त्यावर ती जागा कोरी आहे.
मी दोनदा फाईल काढली,
दोनदा परत ठेवली.