कानोसा

पहाटे साडेतीनला दांडिया बाजारात
कुत्रीसुद्धा पाळी संपल्यासारखी झोपलेली असतात.
जेसंगभाई सायकल भिंतीला टेकवतात,
कॅरिअरवरची सळई सोडतात
आणि म्हणतात, “हर्षिदा, चप्पल काढ.”

पाय जमिनीला लागल्याशिवाय कान उघडत नाही,
हा त्यांचा नियम. शिकाऊ उमेदवारांच्या पुस्तिकेत
तो नाही. पुस्तिकेत हेल्मेट आहे, हातमोजे आहेत,
हजेरीचे रकाने, आणि शेवटच्या पानावर
विद्यावेतनाची रक्कम,
जी ऐकून मामा हसला होता.

सळईचं एक टोक व्हॉल्व्हच्या माथ्यावर,
दुसरं माझ्या कानामागच्या हाडावर.
आधी माझंच रक्त ऐकू येतं.
मग लांबचा ट्रक.
मग कुणाच्या तरी फ्रीजची घुरघुर.
मग काहीच नाही. आणि ते काहीच नाही
म्हणजे लाइन धड आहे.

गळती असली की लोखंड सुस्कारतं,
सुईत दोरा ओवताना आई दातांतून हवा सोडते तसं.
मी हे सांगितलं तर म्हणाले, “लिहून ठेव.
ती तुझी खूण. मला भजी तळल्यासारखं ऐकू येतं.”

नकाशात या वॉर्डाचे व्हॉल्व्ह एकतीस.
जेसंगभाईंच्या डोक्यात चव्वेचाळीस.
वरचे तेरा मी वहीत उतरवते:
लिंबापासून सात पावलं (लिंब आता नाही),
इस्त्रीवाल्याच्या टपरीखाली (आधी त्याला चहा पाजायचा),
खानविलकरांच्या ओट्याला लागून, उलट्या आट्यांचा.
सगळे उजवीकडे बंद होतात, हा डावीकडे.
“बसवणारा डावखुरा असेल,” म्हणतात,
आणि विषय संपतो.

चावी फिरवताना मोजायचं. साडेबावीस फेरे.
“झोपलेल्या माणसाला कशी उठवतेस? तसंच.
हिसका दिलास तर गल्लीच्या टोकाला
एखादी म्हातारी लाइन छाती फोडून घेते.”
ते गुजरातीत बोलतात, मी मराठीत समजते.
बडोद्यात तेवढं चालतं.

श्रावणात पहिली खूण मी एकटीने केली.
खडूने गोल, सही केल्यासारखा.
दुपारी सहा जणांनी खणलं. कोरडं.
छोट्या साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग मला.
पानवाला म्हणाला, “पोरीच्या कानावर खड्डे खणता का?”
जेसंगभाई खड्ड्यात उतरले,
पूर्वेच्या बाजूला तळवा टेकून उभे राहिले,
आणि दोन हात पलीकडे कुदळ मारायला सांगितली.
पाणी आलं ते आधी घामासारखं,
मग एकदम, सगळ्यांच्या पायजम्यांवर.

संध्याकाळी म्हणाले, “तू ऐकलंस बरोबर.
पण लोखंड आवाज वाहून नेतं.
आवाज येतो तिथेच गळतं, असं नाही.”
मग बराच वेळ माझ्याशी नाही,
सायकलच्या चेनशी बोलत बसले.

रात्री आई कानामागचं काळं साबणाने घासते.
लहानपणी तिथेच तीट लावायची.
“निघत नाही गं,” म्हणते.
मी म्हणते, राहू दे.

फाल्गुनात माझं वर्ष संपलं. त्यांची नोकरीही.
मला पुढे घेणार का, ते कुणी बोलत नव्हतं.
वाटलं होतं, सळई मला देतील.
त्यांनी ती स्टोअरमध्ये जमा केली.
रजिस्टरात नोंद: लोखंडी सळई, नग एक, वापरलेली.
पावती मागून घेतली, घडी करून खिशात.
बाहेर येऊन विचारलं,
“आता इस्त्रीवाल्याला चहा कोण पाजणार?”

मी वही काढली. बारा झाले होते.
“तेरावा राहिला,” म्हणाले, “चल.”
आणि भर उन्हात, रावपुऱ्याच्या वर्दळीत,
सळई नाही, चावी नाही,
दोघांनी चपला काढल्या.