पन्नास पेन्स

मॉरीनचा फोन आला रविवारी. टोरोंटोहून.
डाळ शिजत होती.
भालचंद्र गेला, म्हणाली. पेन्शनवाल्यांना
पहिल्या लग्नाची तारीख हवी आहे.
पहिलं लग्न म्हणजे मी.

तारीख लगेच सांगितली: तेवीस नोव्हेंबर, त्र्याहत्तर.
इथलंच, हलचं रजिस्टर ऑफिस. साक्षीला घरमालकीण
आणि ऐन वेळी रस्त्यावरून आत बोलावलेला एक बसकंडक्टर.
त्याने टोपी काढली, ती ठेवायची कुठे कळेना,
म्हणून सह्या होईपर्यंत छातीशी धरून उभा राहिला.
आमच्या बाजूचं वडीलधारं तेवढंच.

हेसल रोडच्या टोकाची खोली. वारा नदीकडून आला
की उशीलाही मासळीचा वास.
शेगडीला मीटर. एक नाणं म्हणजे एक संध्याकाळ.
ऊब असेतो भांडायचो,
विझली की भांडण परवडायचं नाही.
सात बाजूंचं नाणं टेबलावर उभं गरगर फिरवत
तो म्हणायचा, घे, सप्तपदी.
मी हसायचे. विसाव्या वर्षी
कशालाही हसायचे मी.

परीक्षेची फी भरली, म्हणाला. भरली नव्हती.
मीही माहेरी लिहिलं, घरापुढे बाग आहे.

आणि मग ती फेब्रुवारी.
वॉर्डातून परतलो ते दोघंच, बसने,
वरच्या मजल्यावर, वेगवेगळ्या बाकांवर.
तिचं नाव ठेवायचं राहूनच गेलं.
एकमेकांना नावं ठेवायला मात्र
पुढे दोन वर्षं मिळाली.

गेला तेव्हा मीटरवर पाच नाणी रचून गेला.
चिठ्ठी नाही.
त्या रात्री मी पाचही घातली, एकामागून एक,
शेगडी पहाटेपर्यंत ढणढणत ठेवली.
खोली इतकी तापली की जानेवारीत
खिडकी उघडावी लागली.

मॉरीनने तारीख लिहून घेतली. पुन्हा वाचून दाखवली.
मग गप्प.
मग म्हणाली, एक मुलगी होती, असं एकदा बोलला होता.
एकदाच. तिचं नाव काय होतं?

जरा थांबा, म्हटलं, डाळ लागतेय.
गॅस बंद केला. झाकण काढलं, परत ठेवलं.
मग फोनपाशी येऊन
एक नाव सांगितलं,
आणि तिला नीट लिहिता यावं म्हणून
एकेक अक्षर, सावकाश.