आवाज न करणारी गाडी

पोह्यांवर तर्री ओतता ओतता
दमयंतीबाईंनी विषय काढला:
बॅटरीवाल्यांना म्हणे आता
वर्षाचं रस्त्याचं भाडं.

पंपावरचा खुशाल वासनिक लगेच,
"बरोबरच आहे ना बे!
माझ्या लिटरा-लिटरात रस्ता मिसळलेला असतो,
तू फुकट चालवतो."

फुकट?
मानेवाड्याच्या खड्ड्यात माझाच मणका वाजतो.
आणि तो कोळशाचा ट्रक, कोराडीकडे जाणारा,
त्याच्या एका चाकावरच्या ओझ्यात
माझ्यासारख्या पंचवीस गाड्या.
त्याच कोळशावर माझी रात्रभर चार्जिंग,
हे मात्र मी बोललो नाही.
तर्रीचा ठसका लागला, असं दाखवलं.

दमयंतीबाई म्हणाल्या, "वजन करून घ्या राजेहो,
आधी गाडीचं, मग माणसाचं."
खुशाल हसला. पैसे त्यानंच दिले.

निघालो.
सिमेंट रोडवर मधोमध झोपलेलं कुत्रं
माझ्यासाठी कधीच उठत नाही,
ऐकूच येत नाही त्याला.
तीन वर्षांत माझ्या गाडीचा आवाज
एकालाच ऐकू गेला,
भाडं मागणाऱ्याला.

कुत्र्याला वळसा घालून गेलो.
तेवढा रस्ता जास्त लागला.