पुढे धावलेली रेघ

कुओपिओच्या इस्पितळात, तळघरातल्या खोलीत
मी मेणाचा ठोकळा उजेडात धरते.
बाहेर साडेतीनलाच अंधारलंय, जानेवारीच तो.
एमेली, वय एकेचाळीस, सन एकोणीसशे बावन्न:
मेणात बुडवलेला आतड्याचा तुकडा,
नखाएवढा.

कुणी म्हणालं, काळा पाव बाधला.
कुणी म्हणालं, खंदकातलं पाणी.
"आमच्या घराण्याची पोटंच नाजूक," म्हणत
नातलग तेराव्या कपात कॉफी ओतत राहिले.
मग मुलगा गेला, वेइक्को, त्रेचाळिसाव्या वर्षी.
तेव्हाही तीच कॉफी.

आता त्याची लेक. सानेल्मा शाळेची बस चालवते.
काल बाही वर करून म्हणाली,
एवढ्याशा थेंबात काय दिसणार?

दिसत नाही. म्हणून तर वाढवायचं.

चौऱ्याण्णव अंश: आमच्या सौनाचा वरचा बाक.
तिथे दोन धागे एकमेकांना सोडतात,
आमचे पुरुषही तिथेच काय ते मोकळे होतात.
पंचावन्न: इवले तुकडे आपापली जागा हुडकून बिलगतात.
बहात्तर: विकर एकेक अक्षर जोडत जातं.
पुन्हा चौऱ्याण्णव.
बे एके बे, बे दुणे चार,
तिसाव्या फेरीला पाढा अब्जापार.

यंत्र पदरचं काही घालत नाही.
आडात असेल तेच पोहऱ्यात,
फक्त पोहरे अब्जभर.

आजोबांचं तीनदा फसलं. जुनं मेण, झिजलेले धागे.
चौथ्यांदा, पहाटे, जेल दिव्यावर ठेवला.
आधी नुसत्या पाण्याचा रकाना पाहिला:
तिथे काही उगवता कामा नये.
नव्हतं उगवलं.
मग एमेली. मग सानेल्मा.
दोघांचीही एक रेघ जागच्या जागी,
दुसरी खाली, पार पुढे धावलेली.
मधला मजकूर गळला की धागा आखूड होतो,
आणि आखूड धागा शर्यतीत पुढे जातो.

हे सांगायचं काम माझं नाही, डॉक्टरांचं.
"म्हणजे पावाचा दोष नव्हता तर," एवढंच ती बोलली म्हणे,
आणि तपासणीची तारीख बसच्या वेळापत्रकामागे लिहून घेतली.
दर दोन वर्षांनी नळी. कोंब दिसला की खुडायचा,
झाड व्हायच्या आत.

ठोकळा खणात परत ठेवते.
सत्तर वर्षांमागे मातीत गेलेला माणूस
पुरून उरला.

तिच्या भावाची कुपी अजून यंत्रात आहे.
बारावी फेरी.