पिशवी

आमच्या गावात गर्भाशय कोनी म्हणत नाही.
तो शब्द मायाजवळच्या चार्टवर हाय,
गुलाबी, उलट्या टांगलेल्या पेरूसारखा.
चार्ट उघडला का बाया पदर तोंडावर घेतात
आन् बुढ्या म्हणतात, झाक वं माय, लेकरं हायेत.
आमच्यात पिशवी म्हणतात.
पिशवीले सूज आली. पिशवी खाली उतरली.
पिशवी काढली, बरं झालं, कटकट गेली.

पंचफुलानं मले सांगतलं तं घरी नाही,
मीटिंगमध्ये तं नाहीच.
सांगतलं पऱ्हाटीच्या तासात,
दोघी वाकलेल्या, तोंडं झाडाकडे,
कमरेले कापसाच्या ओट्या.
त्या दिवशी मी आशाताई नव्हतो,
किलोच्या भावानं येचाले गेलो होतो.
म्हणे, ताई, अंगावून पांढरं जाते.
कधीपासून?
तिनं दोन बोंडं येचली, मंग तिसरं.
मागच्या पोळ्यापासून. नाही, त्याच्याही मांगच्या.
वास येते. आग होते.
रात्री तो जवळ आला का दातात पदर धरतो.
त्याले सांगतलं?
म्हणते, तुह्या अंगात गरमी हाय, ताक पेत जाय.

तालुक्याच्या डॉक्टरनं पोटावर मशीन फिरवली,
कागदावर काळा ढग दाखोला.
म्हणे पिशवी सडली, ठेवली तं कॅन्सर होते.
बत्तीस वर्षांची बाई, पस्तीस हजाराचं ऑपरेशन.
बकऱ्या इकतो, पंचफुला म्हणे, काढूनच टाकतो,
दोन लेकरं झाले, आता काय काम हाय तिचं?

इथं मी बोलाले पायजे होतं.
ट्रेनिंगमध्ये शिकोलं हाय काय बोलाव थे.
मी येचतच राह्यलो.
कारण मायी बी काढली हाय.
एकोणतिसाव्या वर्षी, असाच ढग पाहून.
तवापासून माघात बी अंगातून वाफ निघते,
खाली बसलो तं उठाले खांब लागते,
आन् रजिस्टरात याच्यासाठी रकानाच नाही.
बाळंतिणीचा हाय, तांबीचा हाय, नसबंदीचा हाय.

धुऱ्यावर ओटी उपसली
आन् तिले सांगतलं. सगळं. हाडांचं बी.
ती मायाकडे अशी पाहे
जसे मी भर वावरात कपडे काढले.

मंगळवारी तिले ग्रामीण रुग्णालयात नेलं.
दाराले कडी नव्हती, मी पाठ लावून उभा राह्यलो.
मॅडमनं लाईट लावून पाह्यलं, काचपट्टी घेतली.
पंचफुला वर पंख्याची पाती मोजे,
तीनच होती, पुन्हा पुन्हा मोजे.
पिशवी चांगली हाय, मॅडम म्हणे. जंतू झाले.
सात दिवसाच्या गोळ्या. दोघांनी बी खाच्या.
दोघांनी? पंचफुलानं इचारलं,
जसं कोनी म्हटलं, दोघांनी बी बाळंत व्हा.

घरी तिची पोट्टी प्रणोती, आठवीतली.
तिनं चार्ट मांगून घेतला.
तिले पदर नाही तोंड झाकाले,
म्हणून असन, लय वेळ पाह्यलं.
म्हणे, काकू, पेरू नाही हा.
बोंड हाय पऱ्हाटीचं, न फुटलेलं.
मंग चार्टच्या कोपऱ्याले म्हणे, मले नाही,
मायं बी जाते पांढरं, पाळीच्या आंधी, थोडंसं.
मी बी सडली काय?
मी खांब धरला आन् खालीच बसलो.
नाही वं, म्हटलं. ऐक.
चूल इझली तरी आम्ही उठलो नाही.

आज तिसरा दिवस.
तिच्या गोळ्या तिखटाच्या डब्यामांगं,
बरोबर कमी होतात, मी मोजतो.
त्याचं पाकीट तसंच हाय, तिच्या पदराच्या गाठीत.
सांजच्याले तो पानठेल्यावर असते.
चार पाच जण असतात, हासतीन.
मी चार्ट घेतला हाय. चपला शोधून राह्यलो.