बट्टा

आडनाव पोतदार.
म्हणजे आमच्यातलं कुणीतरी एके काळी
शहापूरच्या पेठेत मांडी घालून बसायचं,
येईल तो रुपया दगडावर टाकायचं
आणि मान तिरकी करून ऐकायचं.

शहापुरी, निपाणीकर, तोरगली.
दर दोन-चार कोसांवर राज्य बदलायचं,
रुपयाचा आवाज बदलायचा.
चांदी कमी असली की शेवटचा नाद बसायचा,
जसा कोर्टात साक्षीदाराचा बसतो.
मग बट्टा. रुपयामागे आणा, कधी दीड आणा.
त्या दीड आण्यांवर आमची सात घरं उभी राहिली
हे आम्ही लग्नाच्या बैठकीत सांगत नाही.

मी करन्सी चेस्टला आहे.
तिथं कुणी काही ऐकत नाही. मशीन मोजतं,
नोटा फडफडतात, मळक्या एका कप्प्यात, बऱ्या दुसऱ्या.
मळक्यांचा पुढे भुगा होतो.
लोखंडी दाराला दोन किल्ल्या,
एक माझी, एक यरगट्टी मॅडमची.
एकट्यानं उघडायचं नाही, असा नियम.
ती कन्नडमध्ये मोजते, मी मराठीत.
बेरीज जुळली नाही
तर दोघं मिळून परत इंग्रजीत मोजतो.

मंगळवारी मला काउंटरवर बसवतात.
उचगावच्या मथुराबाई पावशे आल्या, रताळीवाल्या,
दुधाच्या पिशवीत दहाची नाणी घेऊन.
"कोण घेईनात की ओ. कंडक्टर घेईना, किराणावाला घेईना,
बंद झाल्यात म्हणूलालेत सगळे."
मी भिंतीवरचं रिझर्व्ह बँकेचं पत्रक दाखवलं:
दहा रेघांचं चालतं, पंधरा रेघांचं चालतं,
सगळी चालतात.
त्या पत्रकाकडे बघितल्यासारखं करून म्हणाल्या,
"ह्ये कंडक्टरला कोण वाचून दाखवणार?"

मोजली. त्रेसष्ट.
मग त्यांनी कमरेची चंची सोडली,
आतून शंभराची एक नोट, उंदरानं कुरतडलेली.

त्यासाठी आमच्याकडे चौकटीचा पारदर्शक कागद असतो.
तो नोटेवर ठेवायचा, उरलेला भाग मोजायचा.
पण खरं सांगतो, मी आधी ते केलं नाही.
आधी नोट उलटी केली
आणि मागच्या बाजूच्या पंधरा ओळींत
आठवी ओळ शोधली.
नव्हती. नेमकी तीच खाल्लेली.
चौथी होती, नूरु रूपायिगळु,
कडेचा एक टवका सोडला तर शाबूत.
मान वर केली तर यरगट्टी मॅडम
माझ्याकडेच बघत होती.
तिनंही आधी तेच बघितलं असतं,
आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग कागद ठेवला.
कागदाला ओळी कळत नाहीत.
भाषेचे चौकोन वेगळे आखलेले नाहीत त्यावर.
उरलेला भाग शेकडा साडेऐंशी.
नियमानं पूर्ण शंभर.
"उंदरानं खाल्लेल्याचं काय कापणार?" बाईंनी विचारलं.
काही नाही.
"काहीच न्हाई?"
आमच्या सात घरांना ऐकू जाईल
एवढ्या मोठ्यानं मी म्हणालो, काही नाही.

घरी कपाटात एक तांब्याचा पैसा आहे.
ठसा सरकलेला. 'श्री' पूर्ण, 'राजा' अर्धा,
'शिव' नाण्याच्या कडेबाहेर पडलेलं,
ज्यानं त्यानं आपल्या मनानं वाचायचं.
तोही चालला असेल कधीतरी
या हातातून त्या हातात, न वाचता,
रताळ्यांच्या, मिठाच्या बदल्यात.
त्याच्यावर कुणाचं पत्रक नव्हतं.

मथुराबाईंनी कोऱ्या नोटा चंचीत घातल्या,
गाठ मारली, दोन पावलं गेल्या, परत आल्या.
"त्यातलं एक द्या की."
मी शंभर-दीडशे वेळा नाणी बदलली असतील,
परत कुणी मागितलं नव्हतं.
दिलं. त्यांनी ते ग्रॅनाइटवर टाकलं,
मान तिरकी केली,
ऐकलं.

"बघते," म्हणाल्या,
"चारच्या बसला दुसरा कंडक्टर असतोय."